वाटसरूची पालेभाजी

प्रवासाची शिदोरी म्हटली कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें फडक्यांत बांधलेल्या भाकरी, ठेचा, कांदा, फार तर चार दशम्या येतात. हे सर्व पदार्थ टिकाऊ आहेत, आणि टिकाऊ म्हणूनच ते शिदोरींत गेले. हिरवी पालेभाजी मात्र शिदोरींत सहसा जात नाहीं. सकाळीं खुडलेली मेथी दुपारच्या उन्हांत मान टाकते, आणि संध्याकाळपर्यंत गांठोड्यांत तिला उबट वास सुटतो. मग जीं माणसें पंधरा-पंधरा दिवस पायीं चालत, त्यांच्या जेवणांत ताजा पाला येई कीं नाहीं, आणि येत असल्यास तो कोठून येई व कसा शिजे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी तो इतिहासाचाच प्रश्न आहे. राजांच्या मुदपाकखान्यांची वर्णनें ग्रंथांत सांपडतात. वाटसरूच्या तीन दगडांच्या चुलीची वर्णनें क्वचितच आढळतात. तथापि मराठवाड्याच्या, विशेषतः नांदेड व लातूर या भागांच्या, नित्याच्या जेवणांतच या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर दडलेलें आहे.

हा मुलूख पुरातन काळापासून वाटांचा मुलूख आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक व्यापारी ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें नगर असल्याचें सांगितलें आहे. तें तगर म्हणजे लातूरच्या पश्चिमेस असलेलें आजचें तेर होय. तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. पुढें राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूर नगरीचे अधीश्वर म्हणवीत; तें लट्टलूर म्हणजेच लातूर, असें अभ्यासक मानतात. लातूरच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर कल्याणी ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला व त्यांत राजाच्या भोजनाचा एक स्वतंत्र भाग घातला. मोंगलांनीं कंधारचा किल्ला १६३१ सालीं घेतला, उदगीर व औसा हे किल्ले १६३६ सालीं घेतले. १७०८ सालीं बादशहा बहादूरशहाची छावणी गोदावरीच्या कांठीं नांदेडास पडली असतां गुरु गोविंदसिंग येथें आले आणि त्याच वर्षीं येथेंच त्यांचें देहावसान झालें. तेव्हांपासून दूरच्या पंजाबांतील यात्रेकरूंची वाटहि नांदेडास येऊन मिळाली. माहूरच्या गडावर जाणाऱ्यांची, माळेगांवच्या खंडोबास जाणाऱ्यांची व पंढरीस जाणाऱ्यांची वाट तर याच काळ्या मातींतून जाते.

या वाटांवरून चालणाऱ्यांचे अन्नाच्या दृष्टीनें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग मोठ्या लष्कराचा. त्याच्याबरोबर बाजार चाले. ज्याच्या गांठीं पैसा असे त्याला भाजीपाला विकत मिळे, आणि ज्या शिवारांत छावणी पडे त्या शिवाराची दैना होई. दुसरा वर्ग भिक्षेवर राहणाऱ्या साधूंचा. महानुभाव पंथांतील भिक्षू स्वतः चूल पेटवीत नसत. ज्या घरची जी भाकरी व जी भाजी झोळींत पडेल ती त्यांची. तिसरा वर्ग सर्वांत मोठा आणि इतिहासांत सर्वांत कमी दिसणारा. लहान व्यापारी, यात्रेकरू, मेंढपाळ आणि लमाण हे त्यांत येतात. यांना बाजाराचा आधार नव्हता व भिक्षेचा मार्गहि नव्हता. संध्याकाळीं जेथें मुक्काम पडेल तेथें स्वतःची चूल स्वतः मांडावयाची, हाच त्यांचा क्रम. पालेभाजीच्या इतिहासाचे खरे मानकरी तेच होत.

त्यांतहि लमाणांची गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. रेल्वे येण्यापूर्वीं दख्खनेंतील धान्याची व मिठाची मोठी वाहतूक बैलांच्या पाठीवरून होई, आणि ती प्रायः लमाणांच्या हातीं होती. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचें वर्णन केलें आहे. हे लोक घरें बांधून राहत नाहींत, बायकामुलांसह फिरतात, आणि त्यांच्यांतील एक गट धान्य, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी व चौथा मीठ वाहतो, असें त्यानें नमूद केलें आहे. इंग्रज प्रवासी पीटर मंडी यास १६३२ सालीं आग्र्याहून पाटण्याकडे जातांना चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. असा तांडा दिवसाकाठीं सहा-सात मैलांहून अधिक चालत नाहीं, असें तो सांगतो. दख्खनेंत १६३०च्या सुमारास आसफखानाच्या लष्करास धान्य पुरविणारे भंगी व जंगी हे दोन नाईक लमाणांच्या परंपरेंत प्रसिद्ध आहेत. त्यांना एक ताम्रपट मिळाला व त्यानें तांड्यास पाणी व गवत घेण्याची मोकळीक दिली, असें ती परंपरा सांगते. आजहि नांदेड जिल्ह्यांतील किनवट, माहूर, मुखेड, कंधार या भागांत व लातूर जिल्ह्यांत लमाणांचे तांडे मोठ्या संख्येनें वसलेले आहेत.

आतां दिवसाला सहा-सात मैल ही चाल मनुष्याच्या मानानें फारच मंद आहे. ती बैलांच्या चरण्याची चाल आहे. बैल चरत चालले म्हणजे त्यांच्यामागून चालणाऱ्या बायकांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा पाला खुडण्यास भरपूर सवड मिळते. ज्या पडिकांत बैलाला चारा मिळतो त्याच पडिकांत माणसाला भाजीहि मिळते. ताम्रपटाच्या परंपरेंत पाणी व गवत यांचा उल्लेख आहे, भाजीचा नाहीं. यावरून असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं कीं भाजी मागण्याची वस्तूच नव्हती. ती कोणाच्या मालकीची नसून वाटेवर उगवलेली असे. पाठीवरच्या गोणींतलें मीठ व धान्य परमुलखांतून आलेलें, आणि भाजी मात्र त्या-त्या दिवशींच्या मुक्कामाची, असें त्यांच्या ताटाचें स्वरूप होतें. पाला वाहून नेतां येत नाहीं; पाल्याची ओळख मात्र नेतां येते, आणि तिला बैल लागत नाहीं.

ही ओळख म्हणजे एक पंचांगच होतें. मृगाचा पाऊस पडून दोन-तीन आठवडे झाले कीं पडिकांत तरोटा वर येतो; यालाच कोकणांत टाकळा म्हणतात. त्याच्यामागून कुर्डू, तांदुळजा, घोळ, केना व आघाडा येतात. तरोटा व कुर्डू हीं फुलावर येण्यापूर्वीं कोवळीं असतांनाच घ्यावयाचीं. एकदां फूल धरलें कीं पान निबर व कडवट होतें. श्रावण-भाद्रपदांत ज्वारी-तुरीच्या पाटांत व शेताच्या कडेला पेरलेली अंबाडी खुडण्याजोगी होते. अंबाडी ही तर वाटसरूच्या संसाराची दुहेरी सोबतीण; तिच्या पानांची आंबट भाजी आणि तिच्या वाखाचे बैलांना बांधावयाचे दोर. दसरा उलटून रब्बीची पेरणी झाली कीं हरभरा, करडई व चाकवत यांचे दिवस येतात, आणि ओलाव्याच्या जागीं पाथरी पसरते. होळीनंतर मात्र शिवार करपतें. मग विहिरीच्या थारोळ्यापाशीं पसरलेली घोळ अथवा चिवळ, आणि गांवालगतच्या शेवग्याचा पाला, एवढाच आधार उरतो. या दिवसांसाठीं हरभऱ्याचीं पानें थंडींतच सावलींत वाळवून, चुरून, मडक्यांत वा पिशवींत भरून ठेवण्याची रीत या भागांत आहे. ताज्या पाल्याला वाहून नेण्याचा हा एकच उपाय माणसाला सांपडला होता: त्यांतलें पाणी काढून टाकणें.

मुक्कामावर पालेभाजी शिजविण्यांत तीन अडचणी असत: पाणी, सरपण आणि भांडें. पाण्याची अडचण अशी कीं पाल्यांत माती असते. घोळीच्या पानांत तर बारीक वाळू दडून बसते. म्हणून ओढा किंवा नदी लागली कीं तेथेंच भाजी निवडून धुवून घ्यावयाची, आणि चिरावयाची ती मुक्कामावर. आधीं चिरून मागून धुतली तर पाल्याचें सत्त्व पाण्याबरोबर वाहून जातें, हें आहारशास्त्र आज सांगतें. जुन्या बायका तोच क्रम हातानें पाळीत. शिजवितांना वेगळें पाणी फारसें लागत नाहीं, कारण पाल्याच्या अंगच्या पाण्यांतच तो शिजतो. अपवाद तरोटा, कुर्डू यांसारख्या उग्र भाज्यांचा. त्या एक वाफ देऊन, पिळून, पाणी टाकून मग फोडणीस घालतात.

सरपणाच्या बाबतींत पालेभाजी ही वाटसरूची खरी मैत्रीण. तुरीची डाळ शिजविण्यास दीर्घ वेळ आंच द्यावी लागते. तांदुळजा मूठभर तुराट्यांवर शिजतो. मराठवाड्याच्या उघड्या माळांवर लाकूड दुर्मिळ. तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीचीं धसकटें आणि बैलांच्या शेणाच्या गोवऱ्या हेंच इंधन. ज्याला भाकरीसाठीं तवा तापवावयाचाच आहे, त्याला भाकरी उतरल्यावर उरलेल्या आरावर भाजीचें भांडें ठेवतां येई व त्यासाठीं निराळें सरपण जाळावें लागत नसे. डाळ घालावयाचीच असली तर ती आधीं भिजवून ठेवावी लागे. म्हणून प्रवासांत डाळीऐवजीं पिठाचा वापर सोयीचा. भाजी शिजत आली कीं वरून बेसन किंवा ज्वारीचें पीठ भुरभुरावयाचें. पाणी आटतें, भाजी भाकरीवर धरते, आणि मूठभर पाला चौघांना पुरतो. ‘पीठ पेरून भाजी’ हा प्रकार आज घरोघर रुचीसाठीं होत असला तरी त्यांतील काटकसर वाटेवरच्या चुलीला साजेशीच आहे.

भांड्याची अडचण अधिक नाजूक. मातीचें मडकें वाटेंत फुटतें. म्हणून तांब्या-पितळेचीं भांडीं प्रवासास बरीं. परंतु अंबाडी, चुका व हरभरा या आंबट भाज्या आहेत. हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते ती आम्लांचीच होय. कल्हई उडालेल्या तांब्याच्या किंवा पितळेच्या पातेल्यांत अशी भाजी शिजविली वा ठेविली तर ती कळकते. तिला हिरवट, ओकारी आणणारी चव येते, आणि ती खाणें अपायकारक ठरतें. म्हणून आंबट भाजी लोखंडी कढईंत अथवा मडक्यांत करावी, आणि कल्हईचें भांडें असल्यास ती त्याच वेळीं संपवावी, असा दंडक पडला. जत्रेच्या व आठवडे बाजाराच्या ठिकाणीं कल्हईवाल्याची भट्टी हमखास असे ती उगीच नव्हे.

येथें एक प्रश्न सहजच उद्भवतो. पडिकांतला तरोटा कोणाचाच नसतो; परंतु हरभऱ्याचें शेत कोणाचें तरी असतें. तेथें वाटसरूचा हात कसा चाले? याचें उत्तर पिकाच्या स्वभावांत आहे. हरभऱ्याचे कोवळे शेंडे योग्य वेळीं खुडले तर झाडाला फांद्या अधिक फुटतात, व फांद्या वाढल्या म्हणजे घाटेहि वाढतात. त्यामुळें घाटे धरण्यापूर्वीं मूठभर शेंडे खुडणाऱ्याकडे शेतकरी चोर म्हणून पाहत नसे. तेंच हात घाटे धरल्यावर शेतांत शिरले तर मात्र भांडण ठरलेलें. तांदुळजा, चाकवत, पाथरी हीं तर शेतकऱ्याच्या दृष्टीनें तण. तीं कोणी उपटून नेलीं तर त्याची तेवढीच खुरपणी वांचते. दोघांचाहि लाभ असलेली ही रीत कोणत्या कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेली नव्हती, परंतु पुष्कळ गरिबांची संध्याकाळ तिच्यावर अवलंबून होती.

वाटेवरच्या स्वयंपाकाशीं नातें सांगणारे कित्येक पदार्थ नांदेड-लातूरच्या जेवणांत आहेत. पहिला घोळाणा. हरभऱ्याचीं, मेथीचीं किंवा घोळीचीं कोवळीं पानें बारीक चिरून त्यांत कांदा, तिखट, मीठ, शेंगदाण्याचें कूट व कच्चें तेल घालून तीं हातानें घोळावयाचीं, झाली भाजी. याला चूलच लागत नाहीं. पाऊस पडून सरपण भिजलेल्या रात्रीं याहून सोयीचें कालवण नाहीं. दुसरा पदार्थ अंबाडीची भाजी. तींत ज्वारीच्या अथवा तांदळाच्या कण्या व थोडी डाळ घालून ती घोटतात, आणि वाढतांना वरून लसणाची कडकडीत फोडणी घालतात. कण्यांमुळें आंबटपणा मऊ होतो, आणि भाकरी कमी पडली तरी पोट भरतें. तिसरा गरगटा, हातास येतील तेवढे पाले एकत्र शिजवून, रवीनें वा पळीनें घोटून केलेली पातळ भाजी. कोणताहि एक पाला पुरेसा मिळाला नाहीं तरी चालेल अशी ही कृति आहे, आणि वाटेवर पुष्कळदां तसेंच होई.

हे पदार्थ आज ज्या रूपांत दिसतात त्याच रूपांत ते तगरच्या काळीं होते असें मात्र समजूं नये. मिरची व भुईमूग हीं दोन्हीं अमेरिका खंडांतून, पोर्तुगीज येथें आल्यानंतरच्या काळांत, या देशांत आलीं. त्यापूर्वीं तिखटपणा मिऱ्यांचा व आल्याचा असे, आणि मिरें हें गरिबाच्या चुलीपर्यंत क्वचितच पोंचे. म्हणजे सोमेश्वराच्या काळांतील वाटसरूच्या भाजींत मीठ, फार तर लसूण, आणि तिळाचें वा करडईचें तेल एवढेंच असावें. मात्र तें थेंबभर तेलहि केवळ चवीपुरतें नसतें. गडद हिरव्या पानांतील ज्या द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवितें, तें द्रव्य तेलाबरोबरच चांगलें अंगीं लागतें. आणि त्याची उणीव पडली म्हणजे रातांधळेपणा येतो. पहांटेच्या अंधारांत चालूं लागणाऱ्या माणसाला डोळ्यांचें मोल सांगण्याची आवश्यकता नाहीं.

यात्रा आणि सण यांच्यामुळें ही वाटेवरची चूल वर्षांतून एकदां साऱ्या गांवाची होते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यांतील माळेगांवास खंडोबाची यात्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठीं ती प्रसिद्ध आहे, आणि दूरदूरचे लोक तेथें माळावर राहुट्या ठोकून उतरतात. लगेच दुसऱ्या दिवशींची अमावास्या म्हणजे लातूर, धाराशिव व नांदेडचा कांहीं भाग येथील वेळ अमावास्या, बोलींत येळवस. त्या दिवशीं लातूर शहराची बाजारपेठ ओस पडते आणि सर्व लोक शेतांत जातात. कडब्याची खोप करून तींत पांच पांडवांची पूजा मांडतात. जेवणास बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यांतील आंबील, आणि मुख्य म्हणजे भज्जी. हरभऱ्याचे ओले दाणे, तूर, वाल, शेंगदाणे, गाजर, मेथी, चाकवत, कांद्याची पात असे त्या ऋतूंत शिवारांत मिळणारें सर्व कांहीं चिंचेच्या पाण्यांत व बेसनांत एकत्र शिजवून केलेली ही भाजी. ती डोक्यावरून शेतांत नेतात. ज्याला शेत नाहीं त्याला आवर्जून बोलावतात, आणि वाटेनें जाणारा अनोळखी माणूसहि जेवल्यावांचून पुढें जाऊं शकत नाहीं. एरवीं बांधावरून मूठभर पाला घेऊन जाणारा वाटसरू त्या दिवशीं त्याच बांधावर पाहुणा म्हणून बसतो.

पंढरीच्या वाटेवर मात्र पालेभाजीला व्रताची मर्यादा पडते. आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी. चातुर्मासापूर्वीं कांदा, लसूण व वांगीं खाण्याचा तो शेवटचा दिवस. एकादशीला चातुर्मास लागतो, आणि तो कडकपणें पाळणारे त्यानंतरचा पहिला महिना शाकव्रत धरून भाजी वर्ज्य करतात. नेमक्या त्याच दिवसांत शिवार पाल्यानें भरून आलेलें असतें. पावसाळी पाल्यावर किडे व अंडीं फार असतात, त्यामुळें हा निर्बंध शहाणपणाचा, असें त्याचें समर्थन केलें जातें, व तें निराधार नाहीं. परंतु ज्याच्या घरीं आषाढांत धान्याची कणगी रिकामी झालेली असे, त्याला हें व्रत परवडत नसे. पाणी बदलून बदलून धुणें, पान उलटून पाहणें आणि चांगली वाफ देणें, हेंच त्याचें व्रत.

याच ठिकाणीं या साध्या विषयाची गंभीर बाजू समोर येते. दुष्काळानंतर पाऊस पडला तरी भूक लगेच संपत नाहीं. ज्वारी हातीं येण्यास साडेतीन-चार महिने लागतात. तरोटा दोन-तीन आठवड्यांत येतो. या दोहोंमधील अंतर ज्यानें त्यानें पाल्यावर काढावयाचें असतें. सतराव्या शतकांत १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात व दख्खन यांवर जो भीषण दुष्काळ पडला, त्यांत गांवेंच्या गांवें वाटेला लागलीं. १९७२-७३च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील माणसें खडी फोडण्याच्या व बांधबंदिस्तीच्या कामांवर गेलीं. परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर त्यांनीं दिवस काढले. अशा दिवसांत नुसत्या भाकरीबरोबर चार पानें शिजविण्यास मिळणें आणि न मिळणें यांत आरोग्याचा मोठाच फरक असतो. मात्र पाला हें अन्नाला पूरक आहे, अन्नाचा पर्याय नव्हे. नुसत्या पाल्यावर राहणाऱ्याचें पोट फुगतें, शक्ति येत नाहीं. आणि भुकेच्या घाईंत धोतऱ्यासारख्या विषारी रोपाचीं पानें भाजींत मिसळलीं तर जिवावर बेततें. म्हणूनच ओळख असलेल्या म्हाताऱ्या बाईचा डोळा त्या काळीं धान्याच्या पोत्याइतकाच मोलाचा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरीच्या खोऱ्यांतून रेल्वे नांदेडास आली, आणि १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोंचली. बैलांचे तांडे मागें पडले. लमाण गांवाच्या कडेला वस्ती करून राहिले. पुढें मोटारी आल्या. ज्या वाटेला चार मुक्काम लागत ती वाट चार तासांची झाली, आणि वाटेवरची चूल विझली. हें दुःख करण्यासारखें नाहीं. दिवसाला सहा मैल चालण्याचे कष्ट कोणी हौसेनें करीत नसे.

परंतु सर्वांच्याच चुली विझल्या असें नाहीं. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांत लमाण कुटुंबें पुष्कळ आहेत. फडाजवळ कोपी उभारून, पहांटेच्या अंधारांत भाकरी थापून, तीं कामाला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं घरीं परततात. घरापासून दूर, उघड्यावर, थोड्या पाण्यांत व थोड्या सरपणांत रांधणारा वाटसरू आज कोणी असेल तर तो हा होय. या कुटुंबांतील बाईला उसाच्या सरींतला तांदुळजा व चाकवत ओळखतां येत असेल तर तिच्या लेकरांच्या ताटांत हिरवें पान पडतें. येत नसेल, किंवा तें तेथें उगवतच नसेल, तर नुसती भाकरी-चटणी.

आणि तें उगवत नाहींसें होण्याचीं कारणें आज प्रबळ आहेत. नांदेड-लातूरच्या शिवारांत गेल्या कांहीं दशकांत सोयाबीनचें पीक सर्वत्र पसरलें. त्याच्याबरोबर तणनाशकाची फवारणी आली. तणनाशक तांदुळजा व केना यांना तण म्हणूनच ओळखतें. फवारलेल्या शेतांतला पाला खुडणें तर धोक्याचें. त्यामुळें बांधावरून हात घालण्याची जुनी मोकळीक आपोआप संपत चालली आहे. पडिकांत गाजरगवत माजलें. १९५०नंतरच्या दशकांत तें पुण्यास प्रथम नजरेस आलें व तेथून देशभर फैलावलें. गाजरगवताला दाट उगवून दडपून टाकणाऱ्या वनस्पतींत तरोट्याची गणना होते. ज्या रोपाला गरिबाची भाजी म्हणून बाजूस सारलें तेंच पडीक जमीन राखूं शकतें. अलीकडच्या वर्षांत राज्याचा कृषिविभाग पावसाळ्यांत रानभाज्यांचे महोत्सव भरवितो, व शहरांतले लोक तेथें कुर्डूची जुडी कुतूहलानें विकत घेतात. हें चांगलेंच आहे. परंतु जुडी बांधून विकत मिळणारी भाजी आणि बांधावर वांकून ओळखलेली भाजी यांत अंतर आहे. पहिलीला पैसा लागतो. दुसरीला डोळा लागतो, आणि तो डोळा आईनें मुलीला शेतांत बरोबर नेल्यावांचून तयार होत नाहीं. ज्यांच्या पायांखालीं अजून वाट आहे त्यांना हा डोळा मिळावा, आणि त्यांच्या वाटेचा एखादा तरी बांध फवारणीवांचून हिरवा राहावा, एवढें झालें तरी पुष्कळ लेकरांची भाकरी कोरडी राहणार नाहीं.